भाकरी तव्यावर जाण्याआधी तराजूवर

रक्तात साखर निघाली, म्हणजे मधुमेह कळला, की पहिल्या आठवड्यात घरात दोन बदल ठरलेले असतात. भात बंद होतो आणि ज्वारीची भाकरी सुरू होते. तीन महिन्यांनी रिपोर्टात फारसा फरक दिसत नाही, आणि मग "एवढं पथ्य करूनही" हे पालुपद सुरू होतं. कारण बहुतेक वेळा परातीतच सापडतं. स्वयंपाकघरात चालेल असा साधा डिजिटल तराजू आणावा आणि एका भाकरीचं पीठ कोरडं असतानाच मोजून पाहावं. मध्यम घरगुती भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागतं, हात सैल असेल तर ८०, आणि खानावळीतल्या परातीएवढ्या भाकरीला १०० सुद्धा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत तंतू वगळून जवळपास ६८ ग्रॅम कर्बोदकं आहेत. गव्हाच्या पिठात ६४, बाजरीत ६२, नाचणीत ६७ आणि पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळात ७८. म्हणजे ६० ग्रॅमच्या भाकरीत ४१ ग्रॅम कर्बोदकं झाली. २५ ग्रॅम कणकेच्या फुलक्यात १६. ४० ग्रॅम तांदूळ शिजवले की सपाट वाटीभर भात होतो, त्यात ३१. ज्याने वाटीभर भात सोडला आणि त्याजागी दीड भाकरी घेतली, त्याच्या ताटातलं पिष्ट ३१ वरून ६१ वर गेलं. ज्वारीत तंतू जास्त, त्यामुळे साखर भातापेक्षा सावकाश चढते, हे खरं. पण सावकाश चढली तरी दुप्पट माल रक्तात उतरायचाच आहे.

मी डॉक्टर नाही. या आजारासोबत रोज जेवणाऱ्या माणसाच्या बाजूने हे लिहितो आहे, आणि टाइप २ मधुमेह धरूनच लिहितो आहे. गोळ्यांचं प्रमाण बदलण्याचा विषय जिथे येईल तिथे तो डॉक्टरांचाच. ताट मात्र आपलं आपल्यालाच बसवावं लागतं. "हे चालतं, ते चालत नाही" अशा छापील यादीने ते बसत नाही, कारण त्या यादीत किती आणि कशासोबत हे लिहिलेलं नसतं. त्यासाठी दोन वस्तू पुरतात, तराजू आणि बोटातल्या थेंबावरून साखर मोजणारा ग्लुकोमीटर. आहारतज्ज्ञ एका जेवणाला साधारण ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकांची चौकट आखून देतात. वजन, काम आणि औषधं पाहून काहींना त्याहून कमी. वरण आणि उसळही या हिशेबात धरायची: २५ ते ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीच्या किंवा मटकीच्या वाटीत १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. पण त्याच वाटीत सहाएक ग्रॅम प्रथिनंही येतात, म्हणून कपात करायची वेळ आली तर आधी भाकरीला हात घालावा, उसळीला नाही.

आता मीटर. तो बरोबर असतो का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (साखरेचे आकडे इथे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) १०० च्या खालचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ च्या आत हवेत आणि १०० च्या वरचे १५ टक्क्यांच्या आत. म्हणून १४२ आणि १५८ यांत काही फरक आहे असं समजून जेवण बदलू नये. मीटरची प्रयोगशाळेशी तुलना करायचीच असेल तर उपाशीपोटी, तिथे रक्त देताना पाच मिनिटांच्या आत. जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असते, तेव्हाची तुलना दोघांवरही अन्याय करते. अंगात रक्त कमी असलेल्यांना काही मीटर खऱ्यापेक्षा चढा आकडा दाखवतात, हेही लक्षात असू द्यावं.

चुकीच्या आकड्यांची खरी कारणं बहुतेक हाताशीच असतात. आंबा चिरून, उसाचा रस पिऊन किंवा मुलाच्या हातातलं बिस्किट धरून बोट टोचलं की त्वचेवरची साखर थेंबात मिसळते आणि १३० चा आकडा २५० दिसू शकतो. साबण आणि पाण्याने हात धुऊन कोरडे पुसावेत. स्पिरिटचा बोळा किंवा सॅनिटायझर वापरला तर तो पूर्ण वाळू द्यावा. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधल्या गादीवर नाही. तिथे दुखतं जास्त आणि दिवसभर काम करताना तेच बोट टेकतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं तर रक्तासोबत पेशींबाहेरचं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. त्यापेक्षा हात खाली सोडून थोडा झटकावा, कोमट पाण्याखाली धरावा. पट्ट्या त्यांच्याच डबीत राहू द्याव्यात, कारण ओल शोषणारा पदार्थ त्या डबीतच असतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेली डबी संशयास्पद धरावी. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, गॅसच्या ओट्याजवळ तर नाहीच. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहावी, उघडल्यापासून किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं. सुई ज्याची त्यानेच वापरावी, घरातल्या दोघांना साखर असली तरी.

मोजायचं कधी? बहुतेक जण सकाळी उठून उपाशीपोटी मोजतात आणि थांबतात. त्या आकड्यावरून जेवणाबद्दल जवळपास काहीच कळत नाही. जेवण कळायचं असेल तर जोडीने मोजावं लागतं: एकदा जेवायला बसण्याआधी, एकदा पहिल्या घासापासून दोन तासांनी. पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. गप्पा मारत तासभर जेवणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या सर्वसाधारण मर्यादेत जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे आकडे आहेत. वयस्कर माणसाला, हृदयविकार असलेल्याला किंवा साखर एकदम खाली जाणाऱ्याला डॉक्टर यापेक्षा सैल मर्यादा देतात. पण ताट तपासताना मी वरच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांतल्या फरकाकडे बघेन. आधी ११८ आणि नंतर १५६ असेल, तर ते ताट तुम्हाला मानवलं. आधी १७० आणि नंतर २०५ असेल, तरीही ताट ठीकच होतं. साखर आधीच चढलेली होती, त्याचं मूळ दुसरीकडे शोधायचं. आधी ११८ आणि नंतर २०४ असेल, तर मात्र त्या ताटातच काहीतरी आहे. वाढ साधारण ५० च्या आत राहिली तर त्या जेवणाला हात लावू नये.

पट्ट्या स्वस्त नाहीत, म्हणून दिवसातून सात वेळा टोचून घेण्यात अर्थ नाही. एका आठवड्यात एकच जेवण धरावं, समजा नाश्ता. तोच नाश्ता, तेवढाच, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी जोडीने मोजावा. एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. आदल्या रात्रीचं जागरण, सर्दी-ताप, सांधेदुखीवर घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, यांपैकी काहीही साखर चढवू शकतं, आणि स्टेरॉइडचा परिणाम तर कित्येक दिवस राहतो. मग त्या नाश्त्यात एकच बदल करून पुन्हा मोजावं. वहीत चार रकाने पुरतात: वेळ, आधी, नंतर, काय आणि किती. चौथा रकाना आळसाने "पोहे" एवढाच भरला तर ती वही निरुपयोगी. "पोहे ६० ग्रॅम कोरडे, एक बटाटा, चहा दोन चमचे साखर" असं लिहिलं तरच महिन्याने काही कळतं.

पोह्यांचंच घेऊ. ६० ग्रॅम जाड पोह्यांत ४६ ग्रॅम कर्बोदकं, त्यात बटाट्याची भर, वरून दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे आणखी १०. सकाळच्या वेळी शरीर इन्सुलिनला तसंही कमी दाद देतं, त्यामुळे हेच ताट दुपारी खाल्लं तर कमी चढतं आणि सकाळी जास्त. पोहे सोडायची मात्र गरज नसते. कोरडे पोहे ४० ग्रॅमवर आणायचे, बटाटा काढून मटार किंवा मोड आलेली मटकी घालायची, शेंगदाणे हात आखडता न घेता टाकायचे आणि शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही घ्यायचं. पोट तेवढंच भरतं आणि जोडीतला फरक साधारणपणे खाली येतो. किती खाली, ते तुमचा मीटर सांगेल. दोन माणसांचे आकडे एका ताटावर सारखे येत नाहीत, नवरा-बायकोचेही नाहीत.

चहाची साखर कागदावर मांडली की डोळे उघडतात. सपाट चमचा ५ ग्रॅमचा. दोन चमच्यांचे तीन कप म्हणजे ३० ग्रॅम, म्हणजे जवळपास वाटीभर भात, आणि तोही तंतूंशिवाय, पाण्यात विरघळलेला. सोबत चार मारी बिस्किटं घेतली तर आणखी १५ ग्रॅमच्या पुढे. साखरेऐवजी गूळ घालून सुटका होत नाही. गुळात शंभराला ८५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि ती मुख्यतः ऊसाची साखरच. गुळातल्या लोहाची आठवण करून देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. चमचाभर गुळातून मिळणारं लोह मोजण्यासारखं नसतं, साखर मात्र मीटर मोजतोच. मधाचंही तेच.

नाचणीबद्दल एक सावधगिरी. नाचणीची भाकरी आणि नाचणीच्या सत्त्वाची खीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्त्व काढताना चोथा गाळून टाकतात, म्हणजे तंतू गेले. उरलेलं बारीक पिष्ट पाण्यात शिजवलं की ते चावावंही लागत नाही आणि पटकन रक्तात उतरतं. आंबिल ताकातली, जाडसर पिठाची आणि वाटीभरच असेल तर निभावतं. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाचा भात खाणाऱ्यांना थोडा फायदा आहे, उकड्यातलं पिष्ट न उकडलेल्या सुरय तांदळापेक्षा सावकाश पचतं. पण तेवढ्यावर वाटीची परात होऊ नये. कालवणातला मासा आधी आणि भात मागून, हे त्याहून जास्त उपयोगी पडतं.

हा क्रमाचा मुद्दा फुकटातला आहे, म्हणून त्यावर जोर देतो. आपल्या ताटात डावीकडे कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-उसळ वाढलेली असतेच, पण आपण पहिला घास भाकरीचा तोडतो. तोच जेवणातला माल उलट्या क्रमाने खाऊन पाहावा. आधी कोशिंबीर, अर्धी भाजी आणि उसळ किंवा अंडं संपवायचं, पाच-दहा मिनिटं त्यातच घालवायची आणि मग भाकरी. तंतू आणि प्रथिनं आधी गेली की जठर सावकाश रिकामं होतं आणि पिष्ट एकदम आतड्यात उतरत नाही. त्यावर जेवण झाल्या झाल्या १५ मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात. संध्याकाळचा तासभराचा फेरफटका चांगलाच, पण दुपारच्या जेवणाने चढलेली साखर तो संध्याकाळी उतरवतो. तोवर ती चार तास रक्तात फिरलेली असते.

दोन तासांची मोजणी एका प्रकारच्या जेवणाला फसते. ज्यात तेल-तूप भरपूर आणि पिष्टही भरपूर, अशी बिर्याणी, लग्नाचं जेवण, तुपात भिजवलेली पुरणपोळी. तुपामुळे पचन लांबतं, दोन तासांनी आकडा १६० दिसतो आणि "बघा, पुरणपोळी चालते" असा निष्कर्ष निघतो. अशा दिवशी चौथ्या तासालाही मोजावं. ४० ग्रॅम कणीक, ३० ग्रॅम डाळ आणि ३० ग्रॅम गूळ असा हिशेब धरला तर एका पोळीत ६५ ग्रॅम कर्बोदकं होतात. ती कुठेतरी दिसणारच. उकडीच्या मोदकाला २० ग्रॅम पिठी आणि १२ ग्रॅम गूळ धरला तर २६ ग्रॅम, म्हणजे पाऊण भाकरीला थोडं कमी. गणपतीत दोन मोदक खायचे असतील तर त्या जेवणात भात आणि पोळी दोन्ही नकोत, एवढाच सौदा आहे. हापूसचाही तसाच. मध्यम आंब्यात दीडशे ग्रॅम गर, त्यात २३ ग्रॅमच्या आसपास. दीड फुलक्याच्या बदल्यात आंबा कापून खावा. आमरस-पुरीत तो दीडदोन आंब्यांचा होतो आणि त्यात पुऱ्या मोजणारं कोणी नसतं.

एवढं सगळं करून उपाशीपोटीची साखर १५५ च्या खाली येत नाही, ही तक्रार पुढची. रात्री जेवण कमी करत जातात, शेवटी नुसत्या सुपावर येतात, आकडा ढिम्म. इथे एक-दोन रात्री तीन आकडे लागतात: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर. झोपतानाच २१० असेल तर दोष रात्रीच्या जेवणाचा किंवा ते साडेदहाला होतं याचा. झोपताना १४०, तीनला १३५ आणि सातला १६५ असेल, तर पहाटेच्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडतं आहे. त्यावर जेवणाची काटछाट चालत नाही, औषधाची वेळ किंवा प्रकार बदलावा लागतो. आणि तीनला ६५ असेल तर रात्रीचं औषध जास्त होतं आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. या तिन्हींत सकाळचा आकडा एकच दिसू शकतो आणि उपाय तीन दिशांना जातात.

उपवासांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडचे साखरेचे सगळ्यात वेडेवाकडे आकडे एकादशी आणि संकष्टीला येतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. शंभराला ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, प्रथिनं आणि तंतू नावापुरते. ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत ६५ आणि बटाट्याचे आठ-नऊ धरले की ७३ झाले, म्हणजे पावणेदोन भाकऱ्या, तंतू वगळून. दाण्याच्या कुटाने वेग थोडा कमी होतो, एवढंच. त्यात दुपारी रताळ्याचा कीस आणि रात्री राजगिऱ्याची चिक्की. उपवास करायचाच असेल तर ४० ग्रॅम भगर शिजवावी, ती फुगून मोठी वाटी होते आणि त्यात २६ ग्रॅमच कर्बोदकं जातात. सोबत ३० ग्रॅम दाण्यांची आमटी, त्यातून सातेक ग्रॅम प्रथिनं, काकडीची दही घातलेली कोशिंबीर आणि वर ताक. राजगिऱ्याच्या पिठात प्रथिनं बरी असतात, त्याचं काकडी घातलेलं थालीपीठ शिंगाड्याच्या पिठापेक्षा चांगलं. "भगर चालते" म्हणून तीन वाट्या खाल्ल्या तर खिचडीच बरी होती.

खिचडीने साखर चढते हा झाला सौम्य धोका. खरा धोका सकाळच्या गोळीचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. संकष्टीला सकाळी गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत म्हणजे रात्री नऊपर्यंत फक्त चहा, असं झालं तर दुपारी साखर ६० च्या खाली जाऊ शकते, आणि मग चंद्र दिसल्यावर मोदकांनी २८० वर. गोळी आपणच टाळणं हाही उपाय नाही. आठवडाभर आधी डॉक्टरांना उपवासाची पद्धत नीट सांगावी, फक्त "उपवास आहे" असं नाही: काय खाणार, किती वाजता, पाणी चालतं की निर्जळी. बहुतेक वेळा ते गोळी मुख्य जेवणाच्या वेळेला सरकवतात किंवा कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. या गोळ्यांवर उपासमार झाली तर रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते आणि मीटरवर साखर १८० च दिसत राहते. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास, विलक्षण थकवा, असं झालं की मीटरच्या भरवशावर न थांबता रुग्णालय गाठावं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तरी याच गोळ्यांबद्दल आणि मेटफॉर्मिनबद्दल लगेच विचारून घ्यावं.

साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, भूक लागते, बोलणं तुसडं होतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, त्यांनी घामालाच खूण मानावं. १५ ग्रॅम साखर लगेच: तीन सपाट चमचे पाण्यात विरघळून. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा, बर्फी, चॉकलेट ही या कामाची वस्तू नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा पोचते. आणि इथे एक गोष्ट औषधाच्या दुकानात कोणी सांगत नाही. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखरही नीट काम करत नाही, कारण साखरेचे तुकडे करणारं आतड्यातलं विकर हेच औषध अडवून धरतं. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज अशी तिहेरी गोळी आपल्याकडे पुष्कळांना दिलेली असते, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. अशांनी खिशात ग्लुकोज पावडरच ठेवावी, तीही १५ ग्रॅमच्या पुड्या करून. वारीत चालणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण चालण्याने साखर नुसती त्या वेळी नाही, रात्रीही खाली जाते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावं आणि १०८ ला फोन करावा.

साखर कित्येक महिने २५० च्या घरात राहिलेल्यांना मात्र १०० वर आल्यावरही थरथर जाणवते. मेंदूला वरच्या आकड्याची सवय झालेली असते. अशा वेळी आधी मोजावं आणि मगच साखर तोंडात टाकावी. दोन-तीन आठवड्यांत ही लक्षणं बहुधा आपोआप जातात.

प्रयोगशाळेतल्या जेवणानंतरच्या तपासणीला बहुतेक जण त्या दिवशी दोन इडल्या खाऊन जातात आणि गोळी मात्र नेहमीचीच घेतात. आकडा छान येतो आणि त्याचा उपयोग शून्य. नेहमीचं जेवण, नेहमीची गोळी आणि पहिल्या घासापासून दोन तास, असंच जावं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढलेली मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. सरासरी असली तरी शेवटच्या महिन्याचं वजन त्यात निम्म्याच्या आसपास असतं, त्यामुळे तपासणीआधी पंधरा दिवस पथ्य करणाऱ्यांना ती थोडीफार फसते. वहीतल्या आकड्यांची सरासरी आणि एचबीएवनसी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण आपण काही ठरावीक वेळांनाच मोजतो. पण वहीत सगळं १३० ते १७० आणि रिपोर्टात ८.६ असं असेल, तर आधी न मोजलेल्या वेळा पाहाव्यात: संध्याकाळचा चहा-फरसाण आणि रात्रीच्या जेवणानंतरचे तास. तिथेही काही सापडलं नाही, तर रक्तच तपासायला हवं. लोह कमी असलेल्यांचा एचबीएवनसी खोटा चढा येतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ही कमतरता सर्रास असते. उलट सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे तांबड्या पेशींचे आनुवंशिक आजार, नुकताच झालेला रक्तस्राव किंवा बाहेरून चढवलेलं रक्त यांत तो खोटा कमी येतो, कारण तांबड्या पेशींना साखर चिकटायला पुरेसे दिवस मिळालेलेच नसतात. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागात, जिथे सिकलसेल घराघरात आढळतो, तिथे ५.९ चा रिपोर्ट पाहून खूश होण्याआधी सिकलची तपासणी झाली आहे का ते विचारावं. अशा माणसाचा निर्णय एचबीएवनसीवर न घेता जोडीच्या वहीवर आणि गरज पडली तर रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणाऱ्या फ्रुक्टोसामिनच्या तपासणीवर घेतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, त्यातही शाकाहारी असाल, तर त्याच रक्तात बी-१२ ही बघून घ्यावं. पायांची जळजळ आणि मुंग्या नेहमी साखरेच्याच असतात असं नाही.